हंड्यावरचा पांढरा थर आणि काळजाचा ठोका

मैत्रिणींनो, बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर चढतो ना? त्यात कॅल्शियम असतं. 1883 साली लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर यांनी दाखवलं, की बेडकाचं काढलेलं हृदय नळाचं पाणी घालून केलेल्या क्षारांच्या द्रावणात धडधडत राहतं. शुद्ध पाण्याच्या द्रावणात थांबतं. फरक कॅल्शियमचा! ते हृदयाच्या पेशीत वाढलं की हृदय आवळतं, कमी झालं की सैल पडतं. मज्जातंतूच्या टोकाशीही तेच निरोप पुढे सोडतं. म्हणून रक्तात कमी पडलं की शरीर हाडांतून ओढतं.

तरी आम्ही वाशिमकडच्या गटांत बघतो, आशाताईंनी दिलेल्या गोळ्या गरोदर सुना डब्यातच ठेवतात. चौथ्या महिन्यापासून रोज दोन घ्यायच्या, जेवणानंतर. बाळंतपणानंतरही सहा महिने. लोहाच्या गोळीसोबत मात्र नको.