टांकसाळीची चूक की हातोड्याचा घाव?

'अमुक सालचे चुकीचे छापलेले नाणे आपणाजवळ असल्यास लाखो रुपये मिळतील' अशा वार्ता हल्ली मोबाईलवरून खेडोपाडी पोहोचतात. आमच्या शहागडातही देवघरातल्या डब्या व आजीबाईंचे बटवे यांची झाडाझडती झाली. एका मजूर बाईने तर नाणे विकण्यापूर्वीच 'नोंदणी फी' पाठविली. पुढे तो फोन लागलाच नाही. वास्तविक जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आपण पडत नाही व त्यासाठी कसलेही शुल्क मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे. तेव्हा टांकसाळीतील खरी चूक कोणती आणि मागाहून झालेली नासधूस कोणती, हे ओळखावयाचे कसे, ते पाहू.

नाणे कसे घडते हे समजले की निम्मे काम झाले. धातूच्या लांब पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उंच करतात, तापवून त्यांना मऊ करतात. मग चकती एका पोलादी कड्यात, दोन ठशांच्या मध्ये, प्रचंड दाबाखाली सापडते. धातू ठशाच्या खाचांत शिरतो व अक्षरे उठतात. म्हणजे ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. ठशाला तडा गेला तर नाण्यावर बारीक उंच रेघ येते; खिळ्याने पडलेला ओरखडा मात्र खोल असतो. एक साधे भिंग घेतले तरी एवढे कळते.

चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावरच काप पडून चकतीचा चंद्रकोरीएवढा घास जातो. अशा नाण्याची बरोबर समोरची कड बहुधा पुसट राहते, कारण कड उठविताना तेथे पुरेसा दाब पडलेला नसतो. घासाजवळची अक्षरेही विरत गेल्यासारखी दिसतात. कानशीने केलेल्या कापात अक्षर मध्येच तुटते, अन् समोरची कड ठणठणीत!

कधी आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहते. मग पुढच्या नाण्यावर एका बाजूस छाप सरळ येतो, तर दुसऱ्या बाजूस तोच छाप खोलगट व आरशातल्यासारखा उलटा. संग्राहकांना हे फार प्रिय, म्हणून याची नक्कलही फार. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वेल्डिंगच्या दुकानातील शेगड्यात आवळली की उलटा छाप मिळतो. पण खाली मूळचा छाप चेपलेल्या स्थितीत दिसतोच. खऱ्या चुकीत तो तेथे कधी उमटलेलाच नसतो.

आमच्याकडे नाणी झिजविण्याचे काम गोदामाई करते. पुलावरून जाणारे प्रवासी नदीत नाणे टाकतात आणि पाणी उतरले की मुले दोरीला लोहचुंबक बांधून ती शोधतात. चुंबकाला पोलादी नाणी चिकटतात. तांबे-निकेलची जुनी पाच रुपयांची वाळूतच राहतात. वाळूने घासल्या गेलेल्या नाण्याचा उंच भाग आधी झिजतो व सर्वच अक्षरे मवाळ होतात. ठशात तेल-घाण साचल्यामुळे एखादे अक्षर उमटले नसेल, तर शेजारचे अक्षर धारदार असते. काटाही उपयोगी पडतो. १९९२ ते २००४ या काळातील पोलादी रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम. घास गेलेला नसताना तो सोनाराकडे चारच ग्रॅम भरला, तर ती झीज किंवा तेजाबाची करामत समजावी.

छाप वेगळा म्हणजे चूक, असेही नव्हे. दहा रुपयांची चौदा प्रकारची नाणी वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी सांगितले, तरी बाजारात त्यांवरून झालेली हुज्जत सर्वांच्या परिचयाची आहे.

राहिली शिवराई. यंत्राच्या नाण्यात चकती सरकून छाप एका बाजूस गेला व उरलेली कोर कोरी राहिली, तर ती चूक खरी. परंतु शिवराई हातोड्याच्या घावाने पाडली जाई. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान व ओबडधोबड. त्यामुळे 'श्री राजा शिव' ही अक्षरे पूर्ण उतरलेली शिवराई क्वचितच मिळते. एका बाजूस 'राजा' अर्धाच आला आणि दुसऱ्या बाजूस 'छत्र' तेवढे राहिले, तर ती चुकीची शिवराई नव्हे. बहुतेक शिवराया तशाच असतात.