मोटारीच्या इंजिनाचे वंगण

महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. तेव्हा मोटारीच्या इंजिनात कोणते तेल घालावे आणि ते केव्हा बदलावे, यावर बोलायला हा गृहस्थ कसा आला, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. माझा अधिकार एवढाच, की या विषयातल्या अज्ञानाची फी मी रोख भरलेली आहे. ती हकिकत आधी सांगतो.

आम्ही वाईला राहतो. काही वर्षांपूर्वी आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावे लागे. अंतर ३५ किलोमीटरांच्या आसपास. एस.टी.च्या गर्दीत तिला नेणे होईना, म्हणून तीन सिलिंडरांची एक जुनी छोटी मोटार घेतली. घेतल्याबरोबर एका गॅरेजात तेल बदलून आणले. तिथल्या कारागिराने तळाचा बोल्ट लावताना जुनेच वायसर ठेवले आणि गळू नये म्हणून अंगातला सगळा जोर लावून बोल्ट आवळला. आटे मेले. तेल थेंबथेंब गळू लागले. अंगणात मोटारीखाली काळा डाग दिसे. पण पावसाळ्याचे दिवस, मी म्हटलं, चिखल असेल. बोनेट उघडून तेलाची पट्टी पाहायची असते, हे मला ठाऊकच नव्हते.

एके सकाळी उडतारे मागे पडले आणि समोर किटलीसारखे लाल चित्र उजळले. आईची वेळ साडेआठची. म्हटलं, आधी पोहोचू, मग कुणाला तरी दाखवू. आनेवाडीचा टोलनाका गेला. लिंब खिंडीच्या चढाला लागतो न लागतो तोच आतून खडखडाट झाला आणि मोटार जागच्या जागी थांबली. ती पुन्हा सुरू झाली २३ दिवसांनी, ३१,००० रुपये मोजल्यावर. ते दिवस आई कधी शेजाऱ्यांच्या गाडीतून, कधी एस.टी.तून, आणि एकदा तर भाजीच्या टेम्पोत पुढच्या बाजूला बसून साताऱ्याला गेली. तिने तक्रार केली नाही. फक्त एकदा विचारले, "तो लाल दिवा कशाला असतो रे?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

आज देतो. तो दिवा तेलाचा दाब दाखवतो. तेल किती उरले आहे, हे तो सांगत नाही. इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडे असते, त्याला आपल्याकडचे कारागीर चेंबर म्हणतात. त्यातले तेल पंप वर ओढतो आणि बारीक वाटांनी प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोहोचवतो. चेंबर रिकामे होत आले की पंपाच्या तोंडात तेलाऐवजी हवा येते, दाब पडतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा उशीर झालेलाच असतो. चालत्या मोटारीत तो लागला, तर दवाखाना, लग्न, परीक्षा काहीही असो, गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

बैलगाडी ज्यांनी हाकली आहे त्यांना वंगणाचे महत्त्व मी सांगायला नको. आस कोरडा पडला की चाक करकरते, बैल दमतात आणि आस झिजतो. मोटारीतही तेच, फक्त वेग निराळा. साध्या रस्त्यावर मोटार धावत असताना तिच्या इंजिनाचा दांडा मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतो. तीन हजार धरले तर सेकंदाला ५० झाले. या दांड्याचा आणि बेअरिंगचा धातू एकमेकांना लागतच नाही. मध्ये केसाहून कितीतरी पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो आणि दांडा त्यावर तरंगत फिरतो. पापुद्रा फाटला की धातूवर धातू घासतो, तापतो आणि चिकटतो. लिंब खिंडीत झाले ते हेच. याखेरीज तेल पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंगांच्या फटी भरते, गंज रोखते आणि जळणाची काजळी स्वतःत धरून ठेवते. आपल्या एरंडेलाचाही या धंद्याशी जुना संबंध आहे. इंग्लंडातील वेकफिल्ड कंपनीने १९०९ साली आपल्या इंजिन-तेलात एरंडेल मिसळले आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला कॅस्ट्रॉल हे नाव दिले. आजच्या मोटारीत मात्र घरातले एरंडेल ओतू नका. ते गरम होऊन चिकट, राळेसारखे होते.

आता निवडीकडे वळू. दुकानातल्या डब्यावर ५ डब्ल्यू ३०, ० डब्ल्यू २०, २० डब्ल्यू ४० असे काहीतरी लिहिलेले असते. हा तेलाच्या दाटपणाचा हिशेब. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने १९११ पासून अशी प्रतवारी चालू केली, आणि आजची प्रतवारी तिच्यातूनच वाढली आहे. डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतल्या हिवाळ्याचे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहते ते दाखवतो. म्हणजे ४० चे तेल तापल्यावर ३० च्या तेलापेक्षा दाट.

इथे पुष्कळ लोकांची एक ठाम समजूत असते, आणि माझीही होती. आपल्याकडे ऊन कडक, विदर्भात तर पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा आपल्याला जाडच तेल हवे. पातळ तेल परदेशातल्या बर्फासाठी. ऐकायला हे पटते. पण विचार करा, बाहेर २० अंश असोत की ४५, चालू इंजिनातले पाणी ९० अंशांच्या आसपासच राखलेले असते आणि तेल त्याच घरात किंवा त्याहून थोडे अधिक तापते. इंजिनाला आपला उन्हाळा स्वतःजवळच आहे. आणि बर्फाचे म्हणाल, तर बर्फ नसला तरी सकाळी सुरू करताना पातळपणाचा उपयोग होतोच. रात्रभर उभ्या मोटारीतले तेल निथळून चेंबरमध्ये बसलेले असते. चावी फिरवल्यापासून ते वरच्या भागांपर्यंत पोहोचेतो जे काही क्षण जातात त्यांत झीज अधिक होते, आणि पातळ तेल लवकर पोहोचते. नव्या छोट्या गाड्यांच्या फटी, वाटा आणि पंप पातळ तेलासाठीच आखलेले असतात. अशा इंजिनात २० डब्ल्यू ५० घालणे म्हणजे बारीक चाळणीतून काकवी गाळायला बसणे.

म्हणून नियम सोपा आहे. मोटारीबरोबर येणारे माहितीपुस्तक उघडा. त्यात जी प्रत दिली असेल ती घ्या. जुनी मोटार घेताना हे पुस्तक मागून घ्यावे, मी मागितले नव्हते. काही पुस्तकांत दोन-तीन प्रती दिलेल्या असतात. लाखभर किलोमीटर चाललेले, थोडे तेल खाणारे इंजिन असेल, तर त्यांतली दाट प्रत निवडायला हरकत नाही.

दाटपणाच्या आकड्यांखेरीज डब्यावर दर्जाची अक्षरे असतात, आणि गिऱ्हाईक ती सहसा वाचत नाही. एपीआय या अमेरिकी संस्थेची एस अक्षराने सुरू होणारी खूण पेट्रोलच्या इंजिनांसाठी. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा. एसएन २०१० चा, एसपी २०२० चा आणि एसक्यू २०२५ चा. पुस्तकात एसएन म्हटले असेल तर एसपी चालते; उलट चालत नाही. सी ने सुरू होणारी खूण डिझेलची. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम आले, आणि त्यानंतरच्या ज्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी आहे, त्यांना कमी राख सोडणारे खास तेल लागते. ट्रॅक्टरच्या पिंपातले उरलेले तेल त्यांत ओतू नये. मोटारीचे तेल मोटारसायकललाही वापरू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीच्या तेलातल्या घसरवणाऱ्या द्रव्यांनी तो सुटू लागतो.

खनिज घ्यावे की सिंथेटिक? सिंथेटिक महाग, पण उष्णतेत अधिक टिकते. पुस्तकात ० डब्ल्यू किंवा ५ डब्ल्यू सांगितले असेल तर प्रश्न बहुधा आपोआप सुटतो, कारण त्या प्रती सिंथेटिक किंवा अर्ध्या सिंथेटिकच मिळतात. जुन्या साध्या इंजिनाला खनिज तेल वेळेवर बदललेले पुरते. उधळपट्टी नको आणि कंजुषीही नको. फक्त सुटे तेल कधी घेऊ नका. सीलबंद डबा घ्या, पावती घ्या, आणि रिकामा डबा फेकण्यापूर्वी त्याला भोक पाडा. नाहीतर त्याच डब्यात बनावट तेल भरून तो पुन्हा दुकानात यायचा.

तेल केव्हा बदलावे? आजच्या पुष्कळशा छोट्या पेट्रोल मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, अशी मुदत असते. "माझी गाडी वर्षात तीन हजारसुद्धा चालत नाही" असे पुष्कळ शिक्षक मित्र म्हणतात. घर ते शाळा दोन किलोमीटर, परत दोन. खरे तर तेलाला सर्वांत वाईट चाल हीच. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. जळणातून निघालेली पाण्याची वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते आणि उडून जात नाही. तेलाच्या झाकणाखाली कधी पिवळसर, लोण्यासारखा थर दिसतो, तो बहुधा याचाच. अशा मोटारीला, तसेच ऊसपट्ट्यातल्या धुळीच्या कच्च्या रस्त्यांवरून चालणाऱ्या मोटारीला मुदत निम्मी धरावी. पंधरवड्यातून एकदा ती लांब पल्ल्याला न्यावी, हेही बरे.

रंगावरून मात्र निवाडा करू नका. डिझेलचे तेल काही शे किलोमीटरांतच काळे होते; ते काजळी धरते आहे, म्हणजे आपले काम करते आहे. सीएनजीच्या मोटारीत उलट फसगत होते. काजळी कमी, म्हणून तेल महिनोन्‌महिने मधासारखे दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. उष्णतेने ते जुने होतच असते.

आता प्रत्यक्ष बदल. मोटार सपाट जागी लावा आणि पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करा. कोमट तेल घाणीसह चटकन निथळते; उकळते असले तर हात भाजतो. हातब्रेक लावा, चाकांना दगड लावा. एक गोष्ट मी जोर देऊन सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कधीही शिरू नये. जॅक घसरतो. पक्के स्टँड किंवा खड्डा नसेल, तर हे काम सरळ गॅरेजातच करून घ्यावे, मात्र जवळ उभे राहून.

वरचे झाकण उघडा, खाली पसरट भांडे ठेवा आणि तळाचा बोल्ट सोडा. तेल १०-१५ मिनिटे निथळू द्या. बोल्टला नवे वायसर घाला. त्याची किंमत चहाच्या कपाएवढी. बोल्ट आधी हाताने फिरवा, सरळ आट्यांत बसला याची खात्री करा, मग पान्याने बेताने आवळा. चेंबर बहुधा पातळ पत्र्याचे किंवा ॲल्युमिनियमचे असते, त्यावर पहिलवानकी चालत नाही. फिल्टर प्रत्येक वेळी बदला. जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून तर राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा; दोन कड्या एकावर एक बसल्या तर तेल पिचकारीसारखे बाहेर येते. नव्या कडीला थोडे ताजे तेल लावा, फिल्टर टेकला की हाताने पाऊण फेरा, बस.

छोट्या मोटारीत तीन लिटरांच्या आसपास तेल मावते. नेमका आकडा पुस्तकात असतो. त्याहून थोडे कमी ओता आणि इंजिन सुरू करा. लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. मग बंद करून पाच मिनिटे थांबा आणि पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पट्टीवर खाली आणि वर अशा दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये, वरच्या बाजूला हवे. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये. फिरता दांडा तेलात आपटून ताकासारखा फेस करतो आणि फेसाचा पापुद्रा टिकत नाही. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. आठवडाभर अंगणात मोटारीखाली एक जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. गळती असेल तर ते सांगेल.

राहिले काढलेले तेल. खेड्यात त्याला गिऱ्हाइके पुष्कळ. कुणी वाळवीसाठी लाकडाला लावतो, कुणी जनावरांच्या जखमेला. जनावरांना तरी लावू नका; त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळणाची विषारी द्रव्ये असतात, आणि जनावर ते चाटते. जमिनीत ओतले तर ते विहिरीपर्यंत पोहोचते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते शुद्ध करण्याचे परवाने असलेले कारखाने आहेत. मी ते नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवतो आणि पुढच्या खेपेला साताऱ्यातल्या ज्या गॅरेजाकडून अशा कारखान्याची गाडी पिंपे उचलते, तिथे देऊन येतो. डब्याला भोक पाडायचे काम त्यानंतर.