सिव्हिलची पदव्युत्तर पदवी : घ्यावी कोणी, कोठे व कशी?

आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे पोट बांधकामावर चालते. कोणी गवंडी, कोणी सेंट्रिंगवाला, कोणी सळई-सिमेंटचा व्यापारी. अशा घरातील मूल सिव्हिल इंजिनियर झाले की प्रश्न पडतो : त्याला धंद्यात घ्यावे की आणखी दोन वर्षे शिकू द्यावे? आमच्या मते याचा हिशेब दुकानाच्या हिशेबासारखाच रोख मांडावा.

पहिली बाब फीची. नवी मुंबईतील अभियांत्रिकी महाविद्यालये बहुतेक खाजगी आहेत. ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न असतात, पदवी विद्यापीठाची मिळते, पण फी खाजगी संस्थेची भरावी लागते. पदवीवर सरकारी विद्यापीठाचे नाव आहे म्हणून फीही सरकारी, असे समजू नये. सार्वजनिक संस्था पाहिजे असल्यास माटुंग्याचे व्हीजेटीआय (स्थापना १८८७), पवईची आयआयटी (१९५८) व रायगड जिल्ह्यात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (१९८९) यांची चौकशी करावी.

दुसरी बाब 'गेट' परीक्षेची. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून ती देता येते व तिचे गुण तीन वर्षे चालतात. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत गेट उत्तीर्णांना प्राधान्य असते. मान्यताप्राप्त संस्थेत गेटवर पूर्णवेळ प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. चोवीस महिन्यांचे २,९७,६०० रुपये झाले. मात्र या काळात दुसरीकडे पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे एका परीक्षेच्या तयारीवर दोन वर्षांच्या खर्चाचा मोठा भाग सुटतो.

तिसरी बाब शाखेची. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या मऊ जमिनीवर उभा आहे. अशा चिखलमातीवर भार पडला की तिच्यातील पाणी हळूहळू निघते व जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. २०२५ साली उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलवे टेकडी कापावी लागली, नदी वळवावी लागली व भराव घालावा लागला. असे काम भू-तंत्र शाखेचे. सिडकोच्या जुन्या इमारतींची तपासणी व दुरुस्ती हे संरचना शाखेचे काम. ठेकेदारी वाढवायची असेल तर बांधकाम व्यवस्थापन उपयोगी पडते.

चौथी बाब, पदवीने काय मिळत नाही. ठेके घेण्यास तिची गरज नाही. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) संरचना अभियंता होण्यास पदवीधराला तीन वर्षांचा अनुभव लागतो, तर त्या विषयातील पदव्युत्तर पदवी असल्यास दोन वर्षांचा. दोन वर्षे शिकून सवलत एकाच वर्षाची! केवळ परवान्यासाठी हा सौदा महाग पडतो. डिझाईनची कठीण कामे करायची असतील किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल, तर मात्र या पदवीस पर्याय नाही.

म्हणून वाचक बंधूंना आमची सूचना एवढीच : मुलाने अथवा मुलीने आधी गेट द्यावी. गुण चांगले आले तर दुकानातील एक हात दोन वर्षे कमी झाला तरी चालवून घ्यावे. न आल्यास भरमसाठ फी भरून नुसती पदवी आणण्यापेक्षा साईटवर अनुभव घेत पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.