घोवाकडे जाताना: व्हिसाचा खर्च आणि कागदपत्रं

नवरा बाहेरगावी असणं आपल्या किनाऱ्याला नवीन नाही. आजीच्या काळात तो मुंबईला गिरणीत असायचा, मनिऑर्डर यायची आणि गणपतीला चाकरमानी घरी यायचा. त्याच्याकडे जायचं ठरलं की एसटीचं तिकीट काढलं आणि निघालं. आता तो दुबईला असतो, मस्कतला असतो, लंडनला असतो, आणि तिकिटाच्या आधी व्हिसा लागतो. बचतगटाच्या बैठकीत आम्हाला हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, "तो न्हेतलो म्हणता, पण कधी? आणि पैशे किती लागतले?" आज त्याबद्दलच बोलूया.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. लग्न झालं म्हणून बायकोला परदेशात राहायचा हक्क आपोआप मिळत नाही. नवऱ्याची तिथे राहण्याची परवानगी कोणत्या प्रकारची आहे, त्यावर बायकोचा व्हिसा ठरतो. त्यामुळे "मुलगा लंडनला असतो" हे उत्तर पुरेसं नाही. तो तिथे शिकायला गेलाय, कामाच्या व्हिसावर आहे, की कायमचा राहतोय, हे विचारायला हवं. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना, अगदी मास्टर्स करणाऱ्यांनाही, बायको-मुलांना सोबत आणायला बंदी केली आहे. म्हाताऱ्यांची आणि आजाऱ्यांची काळजी घेण्याच्या कामावर, म्हणजे केअर वर्कर म्हणून, ११ मार्च २०२४ नंतर ज्यांनी नव्याने व्हिसा घेतला त्यांनाही बायकोला नेता येत नाही. असा मुलगा "दोन महिन्यांत नेतो" म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय असंच काही नाही, कदाचित त्यालाच नियम माहीत नसेल. पण हॉलचा अॅडव्हान्स देण्याआधी त्याच्या परवानगीचा कागद पाहायला मागावा. आपण मुलाची नोकरी, घर, जमीन सगळं विचारतो. मग हे विचारायला संकोच कसला?

आपल्याला अगदी जवळचं उदाहरण गोव्याचं. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याच्या कितीतरी मुली गोव्यात दिलेल्या आहेत. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होण्याआधी तिथे जन्मलेले लोक पोर्तुगालचे नागरिक होते, आणि त्या आधारावर त्यांच्या मुला-नातवंडांनी पोर्तुगीज पासपोर्ट काढले. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे तो पासपोर्ट घेऊन गोंयकार मोठ्या संख्येने इंग्लंडला गेले. स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती आहे. त्या काळात बायकोला नेणंही सोपं आणि जवळजवळ फुकट होतं. म्हणून आजही सासरची माणसं सांगतात, "आमच्या मोठ्या सुनेक एक पैसो लागूक नाय." ते खरंच असतं, पण मोठ्या सुनेपुरतं.

कारण ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि ३१ डिसेंबर २०२० ही तारीख रेषेसारखी आडवी आली. लग्न त्या तारखेच्या आधी झालेलं असेल आणि नवऱ्याने तिथे राहण्याचा दर्जा वेळेत नोंदवलेला असेल, तर बायकोला युरोपीय योजनेतला फॅमिली परमिट मिळू शकतो. त्याला फी नाही आणि आरोग्य अधिभारही नाही. लग्न त्यानंतरचं असेल तर नवऱ्याच्या हातात पोर्तुगीज पासपोर्ट असला तरी धाकट्या सुनेला नेहमीचा, पैसे भरून मिळणारा जोडीदाराचा व्हिसाच घ्यावा लागतो. एकाच घरातल्या दोन जावांसाठी दोन वेगळे हिशेब.

आता तो हिशेब मांडूया. हे दर एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेले होते. ते दरवर्षीच्या आसपास वाढतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहायचे. भारतातून अर्ज केला तर फी १,९३८ पौंड. त्याशिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी आरोग्य अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड. व्हिसा मिळतो २ वर्षं ९ महिन्यांचा, पण अधिभार पूर्ण ३ वर्षांचा धरतात, म्हणजे ३,१०५ पौंड. दोन्ही मिळून ५,०४३. पौंडाला ११५ रुपये धरले तर ५ लाख ८० हजार रुपये. आणि हे एकदाच भरून संपत नाही. पहिली मुदत संपायच्या आत अडीच वर्षांची वाढ घ्यावी लागते: फी १,३२१ आणि अधिभार २,५८७ पौंड ५० पेन्स. पाच वर्षांनी कायमच्या परवान्यासाठी ३,०२९. पाच वर्षांत एका माणसामागे जवळजवळ १२ हजार पौंड, म्हणजे पावणेचौदा लाखांच्या घरात. अर्ज नाकारला गेला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही.

फी भरण्याची ऐपत असली तरी आणखी एक अट आहे. नवऱ्याचं तिथलं उत्पन्न वर्षाला निदान २९,००० पौंड हवं. ११ एप्रिल २०२४ च्या आधी हा आकडा १८,६०० होता. इथून अर्ज करताना बायकोची इथली कमाई त्यात धरत नाहीत. तुम्ही शिक्षिका असा नाहीतर तुमचा मासळीचा धंदा जोरात चालत असो. पगार कमी पडत असेल आणि फक्त बचतीवर भागवायचं असेल तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात, म्हणजे एक कोटी रुपयांच्या वर. तेव्हा नवऱ्याच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेचे उतारे आधी पाहायचे. पगार अटीत बसत नसेल तर घाईने अर्ज करणं म्हणजे फी समुद्रात टाकणं.

ही फी कोणी भरायची, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. बायकोला न्यायची जबाबदारी नेणाऱ्याची आहे. "व्हिसाचो खर्च तुमी करा" अशी अट लग्न ठरवताना मुलीच्या बापाला घातली, तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या नजरेत तोही हुंडाच. नाव व्हिसाचं असलं म्हणून त्याचा रंग बदलत नाही. दोघांनी मिळून कर्ज काढायचं ठरवलं असेल तर ती वेगळी गोष्ट, पण मग कर्जाच्या कागदावर त्याचीही सही हवी.

छोट्या खर्चांत इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोगाची तपासणी येते. तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या दवाखान्यातच करावी लागते, आपल्या जिल्ह्यातल्या एक्स-रेचा उपयोग नाही. तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, म्हणून ती फार आधी उरकून ठेवू नये. दिवस गेलेले असतील तर तिथे आधी सांगा, एक्स-रेऐवजी थुंकीची तपासणी करता येते. इंग्रजीच्या परीक्षेला मुली उगाच घाबरतात. पहिल्या व्हिसाला ए-वन पातळी पुरते. त्यात लिहायचं काही नसतं. नाव, घर, कुटुंब, बाजारहाट यावर वीसेक मिनिटांचं बोलणं, काही परीक्षांत परीक्षकासमोर दोन उमेदवार एकत्र बसतात. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला थोड्या सरावाने ते जमतं. त्यासाठी कोणी महागडा मोठा कोर्स गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. मात्र परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच हवी. या कामांसाठी मुंबईच्या एक-दोन फेऱ्या होतात. तुतारीचं तिकीट आणि दादरला नातेवाईकांकडे मुक्काम, हाही खर्च वहीत लिहा.

आता नावाचं दुखणं. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि माहेरची प्रतिभा सासरी प्राजक्ता होते. ताटापुरतं ते गोड असतं. पण मग शाळेच्या दाखल्यावर प्रतिभा, आधारवर प्राजक्ता, रेशनकार्डावर तिसरंच काही, आणि आडनावातला मधला इंग्रजी 'ए' एका कागदावर आहे तर दुसऱ्यावर नाही. व्हिसा देणारा अधिकारी मालवणात राहत नाही, त्याला या दोन वेगळ्या बायका वाटतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर तोच चालतो. म्हणून घरात हवं त्या नावाने हाक मारू दे, कागदावर शाळेतलंच नाव ठेवा. आधीच बदललं असेल तर राज्य सरकारच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि मग एकेक कागद त्याप्रमाणे करा. हे व्हिसाच्या अर्जाआधी करायचं, नंतर नाही.

लग्नाची नोंदणीही अशीच. गावात ग्रामसेवक, म्हणजे ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तेच विवाह निबंधक असतात; मालवण, वेंगुर्ल्यासारख्या शहरांत नगरपरिषद. लग्नापासून ९० दिवसांत अर्ज केला तर बरं, नंतर विलंब शुल्क लागतं. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. ते नंतर सापडत नाहीत, म्हणून त्यांची सही मांडवातच घ्या. प्रमाणपत्र हातात आलं की तिथेच उभं राहून दोघांच्या नावांची स्पेलिंगं पासपोर्टशी ताडून पाहा.

आखाताचा रस्ता वेगळा, खर्च कमी आणि शिक्के जास्त. संयुक्त अरब अमिरातीत नवऱ्याचा पगार महिन्याला ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, इतका असावा लागतो. लग्नाच्या प्रमाणपत्रावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा आणि तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. एकही वगळून पुढे जाता येत नाही. व्हिजिट व्हिसावर जाऊन पुढचं तिथे बघू, हा सल्ला बरेच जण देतात. ब्रिटनच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला तिथे राहून जोडीदाराच्या व्हिसावर जाता येत नाही, परत येऊनच अर्ज करावा लागतो.

एजंटकडे जाऊ नका असं आम्ही म्हणणार नाही, फॉर्म लांबलचक असतो. पण अर्ज स्वतःला ऑनलाइन भरता येतो आणि सरकारी फी सरकारी संकेतस्थळावरच भरली जाते, हे माहीत असू द्या. एजंटची मजुरी वेगळी आणि फी वेगळी लिहून घ्या. "व्हिसाची गॅरंटी" म्हणणाऱ्याला तिथूनच राम राम करा, गॅरंटी कोणाच्याही हातात नसते.

अर्जात ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा द्या, नवऱ्याचा नाही आणि एजंटचाही नाही. ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी आता ऑनलाइन खात्यात असते. त्या खात्याची चावी दुसऱ्याकडे असेल तर तुमची परवानगीही त्याच्याच मुठीत. पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. नवरा किंवा सासू तो काढून घेऊ शकत नाहीत. पासपोर्ट, व्हिसा आणि लग्नाचं प्रमाणपत्र यांच्या झेरॉक्स आईकडे एका पिशवीत ठेवा, त्यातच त्याचा तिकडचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणचं नाव लिहून ठेवा. तिथे मारहाण झाली तर व्हिसा जाईल या भीतीने गप्प बसू नका. जोडीदाराच्या व्हिसावरच्या बाईला छळामुळे संसार मोडला तर स्वतःच्या नावाने कायमच्या परवान्याचा अर्ज करण्याची सोय ब्रिटनच्या नियमांत आहे. इकडून आई-वडिलांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार करता येते, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय महिला आयोगात परदेशातल्या नवऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. तक्रार करताना मुलीचा पासपोर्ट नंबर विचारतात, तो त्या पिशवीतल्या झेरॉक्सवर असतो.