खिशातला कॅमेरा, घरातला उजेड

कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला हमखास दोन प्रश्न विचारतो. मेगापिक्सेल किती? आणि झूम किती?

पहिल्याचा हिशेब मी बँकेतल्या जुन्या सवयीने कागदावर मांडून पाहिला. अल्बममध्ये लावायचा सहा बाय चार इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरून छापला, तर १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. भिंतीवरच्या बारा बाय आठ इंचांच्या तसबिरीचेही ८६ लाखांत भागते. वीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात निम्म्याहून अधिक रक्कम शिल्लकच पडून राहते.

झूमचा मोह प्रवासामुळे होतो. दूरचे शिखर, जंगलातला वाघ. पण आपल्या अल्बममध्ये वाघ किती आणि माणसे किती, हे एकदा मोजून पाहावे. आपल्याला जपायची असतात ती माणसे, आणि ती बहुधा अर्धवट उजेडात सापडतात: रात्रीच्या गाडीत, देवळाच्या सभामंडपात, माजघरात तांदूळ निवडताना.

आपल्याकडची एक पिढी फोटो काढायला शिकली ती आग्फाच्या ‘क्लिक थ्री’वर. एका रोलमध्ये बारा फोटो, आणि ऊन लख्ख हवे. म्हणून घरच्यांना अंगणात आणून सूर्याकडे तोंड करून उभे करीत. जुन्या फोटोंत सगळ्यांचे डोळे बारीक झालेले दिसतात ते त्यामुळे. माझ्या आईचे निम्मे आयुष्य चुलीपुढे गेले. तिथला तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. ती गेल्यावर वर्तमानपत्रात द्यायचा फोटो एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा करावा लागला. शेजारणीच्या शालूचा काठ त्यात आलाच.

तेव्हा पहिला प्रश्न उजेडाचा विचारावा. भिंगापुढे ‘एफ’चा आकडा लिहिलेला असतो. तो जितका लहान, तितका उजेड जास्त. एफ ३.५ पेक्षा एफ १.८ चे भिंग जवळजवळ चौपट उजेड आत घेते. दुसरा प्रश्न सेन्सरचा, म्हणजे फिल्मच्या जागी आलेल्या चकतीचा. साध्या छोट्या कॅमेऱ्यात ती सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरची असते. २०१२ साली आलेल्या सोनीच्या ‘आरएक्स १००’मध्ये ती १३.२ बाय ८.८ ची होती. क्षेत्रफळ चौपट, आणि कॅमेऱ्याचे वजन अवघे २४० ग्रॅम. मात्र याच कॅमेऱ्याचे झूम पूर्ण ताणले, की एफ १.८ चा ४.९ होतो आणि उजेड सातव्या हिश्शावर येतो. झूमची किंमत अशी वसूल होते. रिकोच्या २०१९ च्या ‘जीआर थ्री’मध्ये चकती याहूनही मोठी, पण झूम नाही. दोन पावले पुढे जायचे काम पायांवर सोपवलेले.

मोबाइल असताना हा खर्च कशाला, असे कुणी विचारील. भर दिवसा मोबाइल पुरतो, यात वाद नाही. रात्रीही तो अनेक फोटो एकत्र जोडून काम निभावतो. पण हलणारे नातवंड त्याच्यासाठी थांबत नाही. आमच्या वयात हातही थोडा कापतो. हाताचा कंप सावरण्याची सोय कॅमेऱ्यात आहे ना, हे बघून घ्यावे. पण समोरचे माणूस हलले, तर ती सोय उपयोगी पडत नाही. तिथे उजेडच लागतो.

दुकानात एवढेच करावे. कॅमेरा सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात घालून पाहावा. मावला नाही, तर तो पुढे कपाटातच राहणार. मग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात विक्रेत्याला उभे करून फ्लॅश न लावता फोटो काढावा आणि त्याचे डोळे स्पष्ट दिसतात का ते पाहावे. हिमालय कुठे जात नाही. कॅमेरा घरी आणल्यावर पहिला फोटो स्वयंपाकघरात, आहे तेवढ्याच दिव्यात काढावा, आणि त्याच आठवड्यात छापून घ्यावा.