साहेबांना सांगणार कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मराठीत देवाला ‘तू’ म्हणतात. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, त्याला खुशाल अरे-तुरे करतो. आमच्या घरी दुआ उर्दूत मागितली जायची. तिथेही अल्लाहला ‘तू’च. म्हणजे ज्याच्याहून मोठा कुणी नाही, त्याच्याशी बोलताना आपली जीभ अडखळत नाही. कार्यालयातल्या साहेबांसमोर उभं राहिलं की मात्र ‘तुम्ही’सुद्धा अपुरं वाटतं. मग ‘आपण’ येतं. त्याच्याही पुढे जाऊन ‘साहेबांनी चहा घेतला का?’ असं साहेबांच्याच तोंडावर, जणू ते तिथे नाहीतच अशा थाटात विचारलं जातं.

हा नुसता व्याकरणाचा किंवा अदबीचा प्रश्न असता, तर त्यावर हसून पुढे जाता आलं असतं. पण तसं नाही. एक अनुभव सांगतो.

बी.ए. झाल्यावर, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी एका कार्यालयात कारकून म्हणून लागलो. निराधारांना मिळणाऱ्या मासिक अनुदानाची यादी टंकलिखित होऊन साहेबांच्या सहीला गेली. सही होऊन आल्यावर जावक क्रमांक टाकताना माझ्या लक्षात आलं, की एका वाडीची नावंच यादीत नाहीत. मी कागद घेऊन आत गेलो. म्हणालो, “साहेब, एकदा नजर टाकता का?” साहेब मान वर न करता म्हणाले, “टाकली की.” मी “बरं साहेब” म्हणून बाहेर आलो. यादी गेली.

त्या वाडीतल्या अकरा जणांचे पैसे तीन महिने अडले. त्यांतली एक म्हातारी दर सोमवारी येऊन पायरीवर बसायची. “लागलं का रं बाळा माझं नाव?” म्हणून मलाच विचारायची. चौथ्या महिन्यात नाव लागलं, तेव्हा माझ्यासाठी पदराच्या गाठीत भुईमुगाच्या शेंगा बांधून घेऊन आली. चूक कुठे झाली हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आता यात साहेब दुष्ट होते असं समजू नका. माझी आई आजारी असताना ते दोनदा घरी येऊन गेले होते. ‘साहेब, एक वाडी राहिली आहे’ असं मी सरळ म्हटलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती. माझ्या मते मी सांगितलंच होतं. ‘एकदा नजर टाकता का’ याचा अर्थ माझ्या लेखी ‘चूक आहे’ असाच होता. त्यांच्या कानावर पडली ती फक्त अदब.

एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं या घोटाळ्याची छान उकल केली आहे. ‘बियाँड कल्चर’ या 1976 सालच्या पुस्तकात तो म्हणतो, की काही समाजांत बोलण्याचा बराचसा अर्थ शब्दांत असतो, तर काहींत तो शब्दांच्या आजूबाजूला असतो: कोण बोललं, कुणासमोर, कोणत्या सुरात, यात. आपण बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे. ‘बघतो’, ‘करू की’, ‘होऊन जाईल’ यांतला कोणता होकार आणि कोणता नकार, हे आपण सुरावरून ओळखतो. घरात, बाजारात ते खपून जातं. घाईच्या कामात मात्र सूर हरवतो आणि शब्द तेवढे उरतात.

गीर्त हॉफस्टेड या डच अभ्यासकानं याच विषयाला आकड्यांची जोड दिली. 1967 ते 1973 या काळात आयबीएम कंपनीच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या होत्या. त्यांवरून त्यानं काही निर्देशांक काढले. त्यांतला एक ‘सत्तांतराचा’. म्हणजे सरकार बदलण्याचा नव्हे, तर वरचा आणि खालचा यांच्यातल्या अंतराचा. सत्तेची वाटणी विषम आहे, हे खालच्या माणसानं किती गृहीत धरलंय, याचं ते माप. त्यात डेन्मार्कला 18, नेदरलँड्सला 38, अमेरिकेला 40 आणि भारताला 77 अंक आहेत.

हा आकडा म्हणजे आपली गुणपत्रिका नव्हे. एकाच कंपनीतल्या नोकरदारांवरून अख्खा देश कसा ओळखायचा, हा आक्षेप त्यावर रास्तपणे घेतला गेला. कोल्हापूरच्या तालमीतला मोकळेपणा आणि पुण्याच्या कचेरीतला शिष्टाचार एका आकड्यात कसा बसेल? तरीही तो आकडा वाचताना मला माझं ‘बरं साहेब’ आठवलं, हे कबूल करतो.

या अंतराची किंमत कधी कधी फार मोठी असते. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाच्या आव्हियान्का कंपनीचं एक विमान न्यूयॉर्ककडे येत होतं. हवा खराब होती, विमानतळावर गर्दी होती. विमानाला आकाशात तासाहून अधिक काळ घिरट्या घालायला लावलं गेलं. इंधन संपत आलं. कॅप्टननं सहवैमानिकाला ‘आणीबाणी आहे असं सांग’ म्हणून बजावलं. सहवैमानिकानं नियंत्रण कक्षाला सांगितलं ते एवढंच, की आमचं इंधन संपत आलंय. तेही इतर सूचनांच्या ओघात, शांत सुरात. ‘आणीबाणी’ हा शब्द त्यानं उच्चारलाच नाही. उतरायला आलेल्या प्रत्येकच विमानाचं इंधन कमी झालेलं असतं. कक्षातल्या माणसांना त्यात वेगळं काही जाणवलं नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं. 158 पैकी 73 माणसं गेली. चौकशीत इंधनाचं नियोजन, वाहतुकीचं नियंत्रण अशी इतरही कारणं निघाली. पण न उच्चारलेला तो एक शब्द त्यांत ठळक होता.

यावर कुणी म्हणेल, हा आमच्यासारख्या अदबशीर देशांचा रोग. थांबा. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि 583 माणसं मृत्युमुखी पडली. त्यांतलं एक विमान डच केएलएम कंपनीचं होतं. त्याचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्यानं विमान दौडवायला सुरुवात केली, तेव्हा मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं त्यानं विचारलं. कॅप्टननं ठासून सांगितलं, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. हॉफस्टेडच्या स्वतःच्या देशातली ही माणसं, जिथे अंतराचा आकडा अवघा 38! म्हणजे संस्कृती माणसाला सवय लावते, हे खरं. पण ज्येष्ठतेपुढे जीभ टाळ्याला चिकटण्यासाठी विशिष्ट देशातच जन्मावं लागतं असं नाही.

विमान कंपन्या यातून जे शिकल्या ते आपल्या कामाचं आहे. लोकांचे स्वभाव बदलण्याची वाट त्यांनी पाहिली नाही, रीत बदलली. 1979 मध्ये ‘नासा’नं या विषयावर कार्यशाळा घेतली. 1981 मध्ये युनायटेड एअरलाइन्सनं वैमानिकांसाठी तसं प्रशिक्षण सुरू केलं. शंका आली की कनिष्ठानं ती स्पष्ट बोलायची आणि ज्येष्ठानं ती मागून घ्यायची, हा त्याचा गाभा. बोलणं हा आगाऊपणा उरला नाही. ते कामच झालं.

शस्त्रक्रियागृहातही हेच घडलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी दिली. तिच्यात, त्वचेवर सुरी चालवण्यापूर्वी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, अशी एक नोंद आहे. ज्यानं एकदा तोंड उघडलं, त्याला दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं.

मग आपली अदब टाकून द्यायची का? मुळीच नाही. जय बी. पी. सिन्हा या भारतीय मानसशास्त्रज्ञानं 1980 मध्येच सांगून ठेवलंय, की आपल्याकडे चांगला साहेब तो, जो माया करतो आणि कामही चोख मागतो. घरच्या आजाऱ्याची चौकशी करणारा साहेब ही आपली कमाई आहे. फक्त त्या मायेच्या ओझ्याखाली खरं बोलणं दबू नये. ज्यानं आईची विचारपूस केली, त्याची चूक कशी काढायची, या संकोचापोटीच तर मी गप्प बसलो होतो.

पुढे मी मुख्य लिपिक झालो. तेव्हा एक छोटी रीत पाडली. कोणताही मसुदा पक्का करण्यापूर्वी सगळ्यांना बोलवायचं आणि सर्वांत धाकट्याला आधी विचारायचं. ‘काही चुकलंय का?’ असं विचारत नसे, कारण त्याला ‘नाही साहेब’ हे उत्तर तयार असतं. मी विचारायचो, “यात काय चुकलंय?” पहिले काही महिने सगळे जमिनीकडे बघायचे. मग एकदा आमचे शिपाई हळूच म्हणाले, “साहेब, सभा ठेवलीय त्या दिवशी बाजार असतो. माणसं यायची न्हाईत.” तारीख बदलली. मी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. त्यानंतर जिभा सुटल्या. काही वेळा मला नको इतक्या सुटल्या, तेही सोसलं.

सोमवारी कामावर गेल्यावर आपल्यापुढेही एखादी यादी येईल. आपण साहेब असाल तर मान वर करून विचारा. कारकून असाल तर ‘नजर टाकता का’ म्हणू नका. ‘साहेब’ जरूर म्हणा, अदबीनं म्हणा. पण पुढचं वाक्य सरळ असू द्या: एक वाडी राहिली आहे.