पायथनच्या लेखी आकडा आणि अक्षर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला ‘प्रोग्रामिंग अँड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ हा विषय आला, आणि त्यासाठी पायथन ही भाषा. प्रॅक्टिकलची उदाहरणे साधी होती: मूळ पगारात भत्ते धरून एकूण पगार काढणे, दिलेल्या संख्यांतली सर्वांत मोठी शोधणे, एखादी संख्या आर्मस्ट्राँग आहे का ते तपासणे. एवढे गणित शाळेतच झालेले असते. नवशिक्याचे अडते ते वेगळ्याच जागी.

पायथनमध्ये वापरणाऱ्याकडून माहिती घेणारे ‘इनपुट’ हे फंक्शन नेहमी मजकूर परत देते. त्याला स्ट्रिंग म्हणतात. कीबोर्डवर ५००० टाइप केले तरी पायथनच्या लेखी ती चार अक्षरे असतात. तसेच घेतलेले ४००० त्यात मिळवले, तर उत्तर ९००० न येता ५०००४००० येते. स्ट्रिंगमध्ये खरी संख्या मिळवू पाहिल्यास ‘टाइपएरर’ येतो, आणि ते बरेच म्हणायचे, कारण चूक तिथेच कळते. घातक चूक गप्प राहते. ९, १० आणि २५ हे आकडे स्ट्रिंग म्हणूनच राहिले, तर सर्वांत मोठा ९ ठरतो: तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हे अक्षर १ व २ यांच्यापुढे येते. कुठलीही सूचना येत नाही. उपाय एका शब्दाचा आहे: आलेला मजकूर ‘इंट’ने पूर्णांकात किंवा ‘फ्लोट’ने दशांश संख्येत बदलून घ्यायचा.

उलट, प्रत्येक आकडा ही संख्या नसते. पुण्याचा एसटीडी कोड ०२० स्प्रेडशीटमध्ये भरला की बहुधा २० उरतो, कारण संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नाही. फोन नंबर किंवा पिनकोड यांची कोणी बेरीज करत नाही. ते मजकूर म्हणूनच साठवावेत. पायथन ३ मध्ये तर ०२० ही संख्या म्हणून लिहिताच येत नाही.

आर्मस्ट्राँगच्या उदाहरणात १५३ घेतात, कारण १, ५ आणि ३ यांच्या घनांची बेरीज १ + १२५ + २७ म्हणजे पुन्हा १५३ होते. १० ने भागून उरलेली बाकी शेवटचा अंक देते. मग तो अंक काढून टाकायचा. इथे भागाकाराची दुहेरी तिरपी रेघ लागते. एकेरी रेघेने १५ ऐवजी १५.३ मिळतात. पायथन २ मध्ये एकेरी रेघही १५च देत असे. २००८ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या पायथन ३ ने हे बदलले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवला तर उत्तर चुकते. शिवाय असा एकेक अंक काढत नेणारा लूप संपेपर्यंत मूळ संख्या शून्य झालेली असते, म्हणून शेवटी बेरीज ताडून पाहण्यासाठी तिची प्रत आधीच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी लागते.

मराठी विद्यार्थ्याला सुखावणारी एक सोय पायथन ३ मध्ये आहे. व्हेरिएबलला ‘पगार’ असे देवनागरी नाव चालते आणि कीबोर्डवरून देवनागरीत टाइप केलेले १५३ ‘इंट’ला बिनचूक समजतात. प्रोग्रॅमच्या ओळीत थेट लिहिलेला देवनागरी आकडा मात्र भाषा नाकारते. तिथे इंग्रजी अंकच लागतात.